कोबीचं पान

फेन्या शेरबिनिनने जन्मात गांजाचा एक झुरका मारला नाही, आणि आमच्या अख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखा गांजा कुणाला वाळवता आला नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. आम्ही दुखोबोर, एका जुन्या शांतताप्रिय ख्रिस्ती पंथाची माणसं. आमच्यात दारू नाही, तंबाखू नाही, मांस नाही, कुणावर हात उचलायचा नाही. कोर्टातसुद्धा शपथ घ्यायची नाही, कारण साधं बोलणंच खरं असलं पाहिजे, मग शपथ कशाला? फेन्या हे सगळं पाळायची. पण ओलं काही घरात आलं आणि ते नीट न वाळवता वाया गेलं, तर तिला तो अधर्म वाटायचा. सफरचंदाच्या फोडी, अळंबी, शेपूच्या जुड्या आणि नवऱ्याची गांजाची झाडं, सगळं तिच्या एकाच माळ्यावर दोरीला टांगलेलं असायचं.

बुटकी, रुंद बाई. एकाहत्तर वर्षांची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि नाक असं की गावच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये फेन्याच्या आधी तिचं नाक शिरतं म्हणून लोक चेष्टा करायचे. ती म्हणायची, "निदान माझं काहीतरी वेळेवर पोचतं. तुमचं ते पण नाही."

वाळवण्याचं म्हणाल तर त्यात फार काही गुपित नाही. लोकांना दम निघत नाही, एवढंच. कुणी चुलीजवळ टांगतो, कुणी पंखा सोडतो, कुणी तर भट्टीत घालतो, आणि मग तोंड वाकडं करून विचारतो की याला गवताचा वास का येतो. गवतासारखं वाळवलंस तर गवताचाच वास येणार, बाबा. फेन्या फांद्या उलट्या टांगायची, दोन फांद्यांत हात जाईल एवढी जागा ठेवून. उत्तरेची खिडकी चार बोटं उघडी, अंधार, गारवा. दहा-बारा दिवस. बारीक काडी कटकन मोडली पाहिजे आणि जाड फांदी अजून वाकली पाहिजे, त्या दिवशी उतरवायचं. मग पानं छाटून तुरे काचेच्या बरणीत, पाऊण भरून. पुढचं मुरवणं. पहिला आठवडा दिवसातून दोनदा झाकण उघडायचं, नाक घालायचं, लावायचं. दुसरा आठवडा एकदा. मग दर रविवारी. झाकण उघडायला चुकलात तर आतला ओलावा कोंडतो आणि तुऱ्याच्या गाभ्यात करडी बुरशी धरते. वरून काही दिसत नाही. मोडल्यावर कळतं.

तिचा नवरा मित्या झाडं लावायचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पडक्या खाणीपाशी त्याला एक रानटी झाड सापडलं होतं. त्यावरून निवडत निवडत अकरा वर्षांत त्याने एक झाड तयार केलं. खोऱ्याच्या थंडीत टिकणारं, बुटकं, आणि वास म्हणजे शेपू, ओली साल आणि मागून थोडासा मध. त्याला नाव काय ठेवायचं, असं कुणी विचारलं की मित्या म्हणायचा, "नाव कशाला? ते काय शाळेत जाणार आहे?" हीच त्याची चूक झाली.

मित्या शेवटचं आजारी पडला तेव्हा फेन्या सगळा हिवाळा त्याच्याजवळ शहरातल्या दवाखान्यात होती. घर थंड पडणार, म्हणून कलमं काढायचं मूळ झाड तिने शेजारच्या गार्नेट पेलकडे ठेवायला दिलं. गार्नेटचा गांजा तिने वीस वर्षं वाळवून दिलेला, आमच्या पंथातला नसला तरी माणूस घरचा. मार्चमध्ये मित्या गेला. एप्रिलमध्ये ती झाड आणायला गेली तर गार्नेट म्हणाला, "मेलं गं ते. पाला गळाला आणि गेलं. मला वाईट वाटतं." फेन्याने ते खरं मानलं आणि आणखी एकदा रडली.

दोन वर्षांनी बरणीच्या दिवशी गार्नेटने एक बरणी आणली. झाडाचं नाव, पेलचं सोनं.

बरणीचा दिवस म्हणजे आमचा फेब्रुवारीतला पहिला शनिवार. पूर्वी चोरून व्हायचा, कुणाच्या तरी गोठ्यात. कायदा बदलला, घरटी चार झाडं लावायला मुभा मिळाली, तेव्हापासून उजळ माथ्याने हॉलमध्ये होतो. ज्याने त्याने आपली एक बरणी आणायची, विणलेल्या लोकरी पिशवीत घालून, म्हणजे कुणाची ते कळत नाही. बरणीवर नंबर. सोबत बंद पाकीट, आत एक कार्ड. कार्डावर तीन ओळी: झाडाचं नाव, लावणारा, वाळवणारा. तीन पंच वास घेतात, काडी मोडतात, तुरा मोडतात, मग नंबर लागतात आणि पाकिटं उघडतात. एकच झाड लागोपाठ तीन वर्षं पहिलं आलं, तर त्याचं नाव हॉलच्या तुळईवर रंगवतात. चाळीस वर्षांत, गोठ्यातले दिवस धरून, तुळईवर दोन नावं चढली आहेत.

त्या वर्षी पेलचं सोनं पहिलं आलं. बरणी सगळ्यांच्या हातून फिरली तशी फेन्याच्याही हातात आली. तिने नाक घातलं. शेपू, ओली साल, मध. ती बरणी पुढे देईना. लुशाने, म्हणजे मित्याच्या धाकट्या बहिणीने, ती तिच्या हातून सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी फेन्याने गार्नेटला सहकारी दुकानात गाठलं. पिठाच्या पोत्यांपाशी, सहा माणसांसमोर.

"गार्नेट, झाड मेलं नव्हतं."

गार्नेटने पोतं खांद्यावर घेतलं. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फेन्या, ज्याच्या घरात जगलं त्याचं झाड," तो म्हणाला आणि पैसे द्यायला गेला.

सहा माणसांपैकी एक मी होतो. आम्ही कुणी काही बोललो नाही. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते, पण फेन्याच्या यादीत आमचा नंबर फार खालचा होता. वर एकच नाव होतं. पुढच्या वर्षीही पेलचं सोनं पहिलं आलं. आता आणखी एकदा आलं की मित्याची अकरा वर्षं पेलच्या नावाने तुळईवर चढणार होती, आणि लग्न, मयत, प्रार्थना, कशालाही हॉलमध्ये गेलं की फेन्याला ती मान वर करून वाचावी लागणार होती.

"चढू देणार नाही," ती लुशाला म्हणाली.

"काय करशील वहिनी? आपल्यात हात उचलत नाहीत."

"हात कोण उचलतंय?"

करायला तिच्या हातात काहीच नव्हतं, हेही तिला माहीत होतं. वर्षभर ती जळत राहिली. बोर्श्टचं सार ढवळताना पुटपुटायची, तण उपटताना पुटपुटायची. हिवाळ्यासाठी कोबी चिरायला बसली की सुरी अशी चालवायची की लुशा आपली खुर्ची मागे घ्यायची.

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी गार्नेट स्वतःहून तिच्या दारात आला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, बगलेत बरणी. टोपी काढून उभा राहिला. अठ्ठ्याहत्तरचा माणूस, एकदम उतरलेला. फेन्याने आत ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. तो आपणहून आत आला आणि बरणी टेबलावर ठेवली, आमच्यात कायम मांडलेल्या भाकरी आणि मिठाच्या शेजारी.

"हे बघ जरा," तो म्हणाला. "माझा वाळवणारा निघून गेला, किनाऱ्याकडे. मी दवाखान्यात होतो. घरी आलो तर थंडी पडायला लागलेली. घाई केली. चुलीपाशी टांगलं."

फेन्याने झाकण काढलं, एक तुरा बोटांत धरून दाबला. चुरा झाला. "कुरकुरीत केलंस. पापड."

"माहीत आहे."

"वास घेतलास?"

गार्नेटने झाकण परत बसवलं. "नाक गेलंय, फेन्या. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता ना सगळ्यांना, तेव्हापासून. कॉफीचा येत नाही, धुराचा येत नाही. घर पेटलं तरी कळणार नाही मला."

फेन्याला मनातून इतका आनंद झाला की तिने तोंड फिरवलं. नाक गेलं. झाड चोरणाऱ्याचं नाक गेलं. देव आहे, असं तिला वाटलं, आणि आपल्यात असं वाटून घेत नाहीत हेही आठवलं, आणि तरी वाटतच राहिलं.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"खोऱ्यात दुसरं नाक आहे कुणाचं? आणि तुम्ही लोक खोटं सांगत नाही." तो खुर्चीचा आधार घेत बसला. "हे परत मऊ करता येईल का? बरणीच्या दिवसाला दोन महिने आहेत."

करता येत होतं. अति वाळलेल्या मालात ओलावा परत आणायला आमच्या बायका ताज्या कोबीचं पान घालतात. शिळ्या भाकरीच्या डब्यात घालतात तसंच. सकाळी घालायचं, संध्याकाळी काढायचं. एका दिवसाच्या वर नाही. आणि मग दोन आठवडे झाकण उघडत राहायचं. हे फेन्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात तिची नजर गार्नेटच्या बरणीवर गेली. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, पेलचं सोनं.

"कोबीचं ताजं पान घाल," ती म्हणाली. "एका बरणीत एक. मोठं बघून."

"किती वेळ?"

"आठवडाभर."

गार्नेटने खिशातून पेन्सिल काढून दुकानाच्या पावतीमागे लिहून घेतलं. "आणि झाकण?"

"झाकण घट्ट. पान काढलंस की पुन्हा घट्ट लाव आणि बरणीच्या दिवसापर्यंत हात लावू नकोस. उघडलंस की आलेला ओलावा उडून जाईल."

"म्हणजे उघडायचं नाही अजिबात."

"बहिरा पण झालास का?"

तो हसला. जुन्या दिवसांत ती त्याला असंच बोलायची, म्हणून असेल. उठला, काठी सावरली, दारापाशी थांबला. टोपी हातात फिरवत राहिला. "फेन्या, मित्याबद्दल मला तुला..."

"तुझं काम झालं ना?" ती म्हणाली. "मग थंडी आत येतेय."

आणि दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक शब्द खोटा बोलली होती, आणि बोलून झाल्यावर तिला भूक लागली. तिने चहा केला आणि दोन पिरोही खाल्ल्या, आमच्या बटाटा भरलेल्या करंज्या. कित्येक महिन्यांत जेवण असं गोड लागलं नव्हतं.

पुढचे आठवडे ती मनातल्या मनात त्याच्या तळघरात राहात होती म्हणा ना. आज पान घातलं असेल. आज तीन दिवस झाले, काचेला आतून दव आलं असेल. आज काढलं असेल. पान चिकट झालं असेल, पण त्या मुर्दाडाला वास कुठे येतोय? आता गाभ्यात धरायला लागलं असेल, आधी पांढरं, मग करडं. ती अशी गालातल्या गालात हसत बसलेली असताना लुशा येऊन उभी राहिली.

"वहिनी, काय मिळालंय एवढं?"

"कुठे काय?"

"मित्यादादा गेल्यापासून तुला हसताना बघितलं नाही मी. आज चुलीकडे बघून हसतेस."

"चूल चांगली पेटलीय म्हणून हसतेय."

लुशाने रुमाल सोडला, पाय पसरून बसली. दुकानातल्या सगळ्या बातम्या सांगून झाल्यावर म्हणाली, "तो पेल भेटला होता. विचारत होता, मित्याला ते पहिलं झाड नेमकं कुठे सापडलं. मी सांगितलं, खाणीपाशी. वर्षं किती लागली तेही विचारत होता. लिहून घेत होता."

फेन्याचं हसू गेलं. "लिहून घेत होता?"

"हो. पावतीवर."

"बघ. बघ त्याचं." फेन्या उठून उभी राहिली. "झाड घेतलं, नाव घेतलं, आता मेलेल्या माणसाची गोष्टसुद्धा घेणार. तुळईवर चढल्यावर भाषण ठोकायला लागेल ना काहीतरी. सांगेल, मी, गार्नेट पेल, खाणीपाशी चढून गेलो. त्या गुडघ्याने."

"तसं नसेल गं काही."

"तू गप्प बस. तू त्याला सांगितलंसच कशाला?"

त्या दिवसापर्यंत तिच्या मनात कधीमधी येऊन जायचं की अजून वेळ आहे. त्याला फोन करावा, झाकण उघड म्हणावं, खराब झालेले तुरे वेगळे काढ म्हणावं, बाकीचे वाचतील. खोटं बोलणं अंगवळणी नसलेल्या माणसाला ते घशात अडकतंच. लुशा बोलून गेली आणि ते अडकलेलं खाली उतरलं. त्यानंतर फेन्याने फोनकडे बघितलं नाही.

बरणीच्या दिवशी बर्फ पडून थांबलं होतं. हॉलमधली चूल दुपारपासून ढणढणत होती. कडेच्या टेबलावर बोर्श्टची दोन मोठी पातेली, पाव, लोणी, चेरीच्या वड्या. मधल्या टेबलावर सात बरण्या, रंगीत लोकरी पिशव्यांत. फेन्याने स्वतःची बरणी आणली नव्हती. मित्याच्या बिननावाच्या झाडाची बरणी त्या घरून कधी आलीच नव्हती. ती लुशाच्या गाडीतून आली, पुढच्या बाकावर बसली आणि मांडीवर हात ठेवून वाट बघत राहिली. गार्नेट मागच्या बाजूला भिंतीशी काठी टेकून बसला होता. तिला बघून त्याने मान हलवली. तिनेही हलवली, अगदी प्रेमाने.

हॉलचं सगळं टॅनिस बघते, आमच्या जुन्या शिक्षिकेची मुलगी. तीच पाकिटं सांभाळते, तीच वही लिहिते. पंचांनी एक-एक बरणी घेतली. एक नंबर, ठीक. दोन, जरा ओला. तीन चांगला, पंचांनी दोनदा नाक घातलं. चार. मग पाच. निळ्या लोकरीची पिशवी.

झाकण निघालं आणि पहिल्या पंचाने मान मागे घेतली. दुसऱ्याने एक तुरा मोडला. आत करडी लव, पार काडीपर्यंत. त्याने झाकण लावलं आणि हात रुमालाला पुसले.

"पाच नंबर, चूल," तो म्हणाला.

आमच्यात असं आहे. बुरशीची बरणी निघाली तर माल चुलीत जातो आणि पाकीटही न उघडता चुलीत जातं. चूक कुणाच्याही हातून होते. चारचौघांत नाक कापायचं नाही. सगळे दुसरीकडे बघतात, कुणीतरी हवेबद्दल बोलतं आणि सहा नंबर पुढे येतो. पण नियम असाही आहे की हॉलमधल्या एका जरी माणसाने मागणी केली, तर पाकीट उघडायचं आणि वहीत लिहायचं. जुन्या काळी असला माल कुणी बाहेर विकू नये म्हणून केलेला नियम. चाळीस वर्षांत कुणी मागणी केली नव्हती. पाच नंबर कुणाचा हे जाणणारे त्या हॉलमध्ये दोघेच होते.

टॅनिस पाकीट घेऊन चुलीकडे निघाली.

"थांब," फेन्या म्हणाली.

ती उभी राहिली होती. "उघड ते. माझी मागणी आहे."

हॉलमध्ये चमचे थांबले. टॅनिस म्हणाली, "मावशी, कशाला? जाऊ दे ना."

"नियम आहे का नाही?"

"आहे."

"मग उघड. कुणाचा माल आहे ते कळू दे खोऱ्याला. वाळवता येत नाही आणि तुळईवर चढायला निघालेत."

मागे काठी आपटल्याचा आवाज झाला. गार्नेट उठला होता. "टॅनिस, टाक ते चुलीत. फेन्या, नको. ऐक माझं."

"तुझं ऐकायचे दिवस गेले," फेन्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला ते छान वाटत होतं. "पोत्यांपाशी बोलला होतास ना सहा माणसांसमोर? इथे साठ आहेत. आता का पाणी पाणी झालं?"

"माझ्यासाठी नाही म्हणत गं मी," गार्नेट म्हणाला. "बस खाली. हात जोडतो."

"उघड, टॅनिस."

टॅनिसने पाकीट फाडलं. कार्ड काढलं, आधी मनात वाचलं आणि वर बघितलं, फेन्याकडे. मग पुन्हा कार्डाकडे. तिला वाचायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण नियम म्हणजे मोठ्याने.

"झाडाचं नाव," तिने वाचलं, "मित्या."

मागे गार्नेट मान खाली घालून बसला.

"लावणारा. मित्या शेरबिनिन. खाणीपाशी सापडलेल्या झाडावरून, अकरा वर्षं. गेली दोन वर्षं हे झाड मी माझ्या नावाने आणलं, ते खोटं होतं. नंबर आला तर तुळईवर मित्या असं लिहावं. हे मी आधीच सांगायला हवं होतं." टॅनिसने श्वास घेतला. "वाळवणारा. चुलीवर बिघडवलं मी. सुधारलं फेन्या शेरबिनिनने, तिने सांगितलं तसं केलं आहे. वाळवणारी म्हणून तिचं नाव लावावं. सही, गार्नेट पेल."

फेन्या उभीच होती. तिला बसायचं होतं, पण बाक कुठे आहे ते कळेना. शेजारी लुशा तोंडावर हात ठेवून बसली होती.

टॅनिस हळू म्हणाली, "मावशी, हे वाळवण तुमचं आहे?"

आता बघा. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? फेन्याच्या हातून बुरशी, यावर अख्ख्या खोऱ्यात कुणी विश्वास ठेवला नसता. गार्नेट खोटारडा ठरला असता, दुसऱ्यांदा, सगळ्यांसमोर. वर्षभर तिने जे मागितलं होतं ते तिच्या तोंडापाशी येऊन थांबलं होतं, फक्त एक शब्द टाकायचा होता. आणि गार्नेट तर तो शब्द तिच्यासाठी स्वतःच उचलत होता. "तिचं नाही," तो भिंतीपासून म्हणाला. "तिने बरोबरच सांगितलं असणार. माझ्याच हातून काहीतरी चुकलं. म्हातारा झालो. पान जास्त दिवस राहिलं असेल. तिचं नाव खोडा."

"जास्त दिवस राहिलं नाही," फेन्या म्हणाली.

ती टॅनिसशी बोलत होती. गार्नेटकडे तिला बघवत नव्हतं. "त्याने आठवडाभर ठेवलं, कारण मी आठवडाभर सांगितलं. एक दिवस सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. झाकण उघडू नको तेही मीच सांगितलं. वाळवण माझंच आहे."

आम्हा लोकांना आरडाओरडा करता येत नाही, ही आमची मोठी खोट आहे. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

टॅनिसने वही उघडली. पाकीट उघडलं की लिहावं लागतं. त्यातून सुटका नव्हती. तिने पेन काढलं, थांबली.

"लिही," फेन्या म्हणाली. "नीट लिही. वाळवणारीचं नाव पूर्ण लिही."

टॅनिसने लिहिलं. फेन्याने चष्मा लावून टेबलापर्यंत जाऊन वाचलं. मित्या, पाच नंबर, बुरशी. मित्या हयात असताना कधी स्पर्धेला आला नव्हता, म्हणून त्या वहीत त्याचं नाव कुठे नव्हतं. आता ते आलं. पंचाने पाच नंबरची बरणी चुलीत रिकामी केली, आणि जळताना बुरशीच्या वासामागून थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, शेपूचा आणि मधाचा वास आला. गार्नेट सोडून सगळ्यांना आला.

तीन नंबरची बरणी पहिली आली. टाळ्या वाजल्या, कशाबशा.

लुशाने कोट घातला. फेन्या तिच्या मागे दारापर्यंत गेली. लुशा दारात वळली आणि म्हणाली, "माझ्या भावाचं नाव होतं ते, वहिनी." एवढंच म्हणाली. गाडी सुरू करून निघून गेली, फेन्यासाठी थांबली नाही.

हॉलपासून फेन्याचं घर चार किलोमीटर. ती चालायला लागली. बर्फ घोट्यापर्यंत होतं आणि उजेड उतरणीला लागला होता. पुलापाशी आली तेव्हा मागून गाडीचा आवाज आला. गार्नेटचा जुना ट्रक. तो शेजारी येऊन थांबला, पलीकडचं दार उघडलं गेलं. सीटवर फडक्यात गुंडाळलेली एक कुंडी होती. गार्नेटने ती उचलून मांडीवर घेतली, तिला बसायला जागा व्हावी म्हणून. फडक्याच्या वर दोन पानं दिसत होती. अरुंद, गडद. मित्याच्या झाडाची ती पानं फेन्याने कुठेही ओळखली असती.

"बस," गार्नेट म्हणाला. "थंडी आहे."

ती बसली नाही. चालत राहिली. ट्रकचं दार लागलं, आणि मग तो तिच्या मागे मागे, माणसाच्या चालीने, दिवे लावून येत राहिला, तिला रस्ता दिसावा म्हणून. सबंध रस्ता ती वाट बघत होती की तो आता काहीतरी बोलेल, खिडकी खाली करून एक सणसणीत शिवी हासडेल. तेवढी एक शिवी मिळाली असती तर तिला घरापर्यंत चालणं सोपं गेलं असतं. गार्नेट काही बोलला नाही. तिच्या फाटकापाशी त्याने कुंडी खाली ठेवली, बर्फ हाताने बाजूला करून, आणि ट्रक वळवला.